हार्डकोर बँड मुंबईत दहा वर्षं कसा चालवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवली आणि ठाण्याच्या पाच जणांचा हार्डकोर बँड. हार्डकोर म्हणजे पंक रॉकमधून निघालेलं, वेगवान, ओरडून गायचं संगीत. आठ महिने जॅमिंग (एकत्र सराव) चाललंय, सहा गाणी बसलीत, कॉलेज फेस्टमध्ये दोन गिग (कार्यक्रम) झाल्यात. तिघं नोकरीला लागलेत, दोघं शेवटच्या वर्षाला आहेत. हा बँड पुढची दहा वर्षं कसा चालवायचा, आणि याचं करिअर होतं का?

करिअरचं आधी बोलू. हार्डकोरवर घरभाडं निघत नाही, मुंबईत तर नाहीच. ज्यांची नावं आपण घेतो त्या बँडचं आयुष्यही फार मोठं नव्हतं. वॉशिंग्टनचा मायनर थ्रेट १९८० ते १९८३ एवढाच चालला. कॅलिफोर्नियाचा ब्लॅक फ्लॅग १९७६ ते १९८६ चालला आणि त्या काळात त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी चालवून, गाडीत बसून गावोगाव गिग केल्या. फुगाझी मात्र दीड दशक टिकला. त्यांची तिकिटं पाच डॉलरच्या आसपास असायची, प्रवेश सगळ्या वयांना होता आणि खर्चावर लक्ष कडक होतं. मुंबईत हे संगीत वाजवणारे जवळपास सगळे दिवसा दुसरं काम करतात. म्हणून बँडची रचना नोकरीभोवती करा. दर आठवड्याला वेळेला, खिशाला आणि शरीराला झेपेल, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येईल, तेवढंच ठरवा. गाणी वाईट म्हणून बँड क्वचितच मोडतात. गायकाचा आवाज बसतो, पैशांचा हिशेब राहत नाही, ड्रमरची बदली होते, आणि मग बँड मोडतो.

सहा गाण्यांवरून सुरुवात करा. तुम्हाला पंचवीस मिनिटांचा एकच सेट हवा, पण तो झोपेतून उठवलं तरी वाजला पाहिजे. दोन ते सव्वादोन मिनिटांची नऊ-दहा गाणी म्हणजे वीस मिनिटं होतात. उरलेली पाच मिनिटं ट्यूनिंग, पाणी आणि बोलणं यात जातात. तीन-चार बँडच्या गिगमध्ये प्रत्येकाला तीस ते चाळीस मिनिटं मिळतात आणि सामान लावायचा वेळही त्यातूनच कापला जातो. चाळीस मिनिटांचा सेट घेऊन गेलात तर शेवटची दोन गाणी कापावी लागतात, आणि नेमकी तीच तुमची सगळ्यात चांगली असतात. गाण्यांचा क्रम ट्यूनिंगप्रमाणे लावा. ड्रॉप सी आणि ड्रॉप बी अशी दोन ट्यूनिंग (तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरांत उतरवून) असतील तर आधी एका ट्यूनिंगची सगळी गाणी, मग दुसऱ्याची. दर गाण्यानंतर गिटार बदलत बसलात की प्रेक्षक मोबाइल काढतात. ट्यूनिंग चालू असताना बेसिस्टने एक सूर धरून ठेवावा किंवा ड्रमरने टॉम ड्रमवर हळू ठेका चालू ठेवावा. शांतता पडू देऊ नका.

वेगाबद्दल एक गोष्ट नवे बँड हमखास चुकतात. २०० बीपीएमच्या (मिनिटाला २०० ठोके) भागातून ब्रेकडाऊनमध्ये, म्हणजे गाण्याच्या संथ, जड भागात उतरताना ठेका नेमका अर्धा व्हायला हवा, १०० वर. ड्रमर दमलेला असतो, त्यामुळे ब्रेकडाऊन ११० वर जातो आणि त्याचं वजन निघून जातं. पिटमधली, म्हणजे स्टेजसमोर धक्काबुक्की करत नाचणारी माणसं पायाने मोजतात, त्यांना हा फरक लगेच कळतो. उपाय असा: जॅममध्ये क्लिक (वेग मोजणारी टिकटिक) फक्त ड्रमरच्या कानात द्या, आणि महिन्यातून एक अख्खा जॅम ठरलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांवर वाजवा. हळू वाजवताना कोणाचा हात कुठे चुकतो ते उघडं पडतं.

शब्दांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मराठीत ओरडायला घाबरणारे गायक फार भेटतात. मराठी भाषा हार्डकोरला अतिशय सोयीची आहे. आपले बरेच शब्द व्यंजनावर आपटून थांबतात: झुंड, दगड, वीट. ट, ठ, ड, ढ ही अक्षरं स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर अशी बसतात की वेगळा जोर द्यावा लागत नाही. मात्र सगळ्यांनी मिळून ओरडायच्या ओळीचा शेवट उघड्या स्वरावर करा, ‘आ’ किंवा ‘ओ’वर. ‘ई’वर घसा आवळला जातो, आवाज चिरका होतो आणि मागचे चौघे पट्टीत राहत नाहीत. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. शाहिरामागे उभे राहून ‘जी जी रं जी’ म्हणणारे झीलकरी हेच काम करत आले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा चाळींच्या मैदानात तीच झील हजारो कामगारांपर्यंत पोचली. पोवाडा नीट ऐका. शाहीर श्वास कुठे घेतो आणि झीलकरी कुठे शिरतात ते बघा. गायकाला श्वासाची जागा मिळावी म्हणूनच झील असते. तुमच्या गाण्यातही गँग व्होकल, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओरडायच्या ओळी, तिथेच टाका, नाहीतर सेटच्या अर्ध्यात गायकाचा दम संपेल. स्क्राइब या मुंबईच्या बँडने हिंदी सिनेमाचे खलनायक आणि मुंबईची बोली हार्डकोरमध्ये आणून दाखवलीच आहे. तुमच्याकडे डोंबिवली फास्टची गर्दी आहे, मेगाब्लॉक आहे, पागडीच्या खोल्या आहेत.

आता गळा. ओरडणं म्हणजे जास्त हवा सोडणं, हा समजच गळे बिघडवतो. स्क्रीममध्ये हवा नियंत्रित ठेवायची असते. खरखर बहुतेक वेळा स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांतून येते, मूळ स्वरतंतूंवर ताण द्यायचा नसतो. मोठेपणा माइक देतो. सेटच्या आधी दहा मिनिटं ओठ फुरफुरवणं, गुणगुणणं आणि मग हळू आवाजात खरखर एवढा सराव करा. दुखलं, खवखवलं किंवा खोकला आला की तंत्र चुकतंय, त्याच क्षणी थांबा. जॅमच्या आधीचा वडापाव आणि कटिंग बंद करा. पोटातलं आम्ल वर आलं की घसा सुजतो, म्हणून जेवण दोन तास आधी उरका. आवाज दोन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, काढे पीत बसू नका. आणि माइकची जाळी मुठीत धरू नका. शुअर एसएम५८ सारख्या माइकला समोरचा आवाज घेता यावा म्हणून मागच्या बाजूला हवेच्या फटी असतात. त्या झाकल्या की माइक चारी बाजूंचा आवाज उचलतो, मॉनिटर (स्टेजवरचा, बँडकडे तोंड असलेला स्पीकर) शिट्टी मारतो आणि शब्द चिखलासारखे होतात. साउंडवाल्याला दोष देण्याआधी हात बघा.

कानांचं गणित तर अगदी सरळ आहे. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. छोट्या जॅमरूममध्ये स्नेअर आणि दोन गिटार अँप १०५ सहज ओलांडतात. तीन तासांच्या जॅममध्ये तुम्ही महिन्याभराचा कान एका बसल्या जागी वापरून टाकता. २० डेसिबल आवाज कमी करणारे, संगीतासाठीचे इअरप्लग पाचही जणांनी घ्यावेत, आणि ते घातल्याशिवाय जॅम सुरूच करू नका. कानातली शिट्टी कायमची राहू शकते.

जॅमरूमचा हिशेब आधी मांडा. समजा दर तासाला ५०० रुपये. आठवड्याला तीन तास म्हणजे महिन्याला सहा हजार, प्रत्येकी बाराशे. त्यातली पहिली वीस मिनिटं सामान लावण्यात जातात, म्हणून नवीन रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) बसवायला तिथे वेळ घालवू नका. रिफ घरी इंटरफेसवर (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) हेडफोन लावून बसवा, ड्रमचा साधा प्रोग्रॅम करून सगळ्यांना पाठवा, आणि जॅमरूममध्ये फक्त एकत्र वाजवा: आधी नवं, मग पूर्ण सेट दोनदा, न थांबता. प्रत्येक जॅम मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोबाइल झांजांपासून लांब, कोपऱ्यात, खुर्चीच्या मागे ठेवा, नाहीतर फक्त झांजा ऐकू येतील. रविवारी जॅम ठेवत असाल तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. डोंबिवलीहून निघालेला बेसिस्ट अडकला की तासाचे पैसे तसेच जातात.

सामानात सगळ्यात महाग चूक ट्यूब अँपची असते, म्हणून ती नीट सांगतो. अँपच्या हेडमागे (वेगळा अँपचा डबा) ४, ८ आणि १६ ओम असे निवड-खटके किंवा जॅक असतात, आणि कॅबिनेटच्या (स्पीकरचा डबा) मागेही तिचे ओम छापलेले असतात. दोन्ही जुळले पाहिजेत. १६ ओमच्या दोन कॅब एकाला एक समांतर जोडल्या की ८ होतात, ८ च्या दोन जोडल्या की ४. स्पीकर न जोडता ट्यूब अँप वाजवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो बदलायचा खर्च नव्या पेडलबोर्डाएवढा येऊ शकतो. दुसरी चूक केबलची. हेड ते कॅबिनेट गिटारची केबल लावतात, कारण जॅक सारखाच असतो, ६.३५ मिलिमीटरचा. पण गिटारच्या केबलमधली आतली तार केसासारखी बारीक असते आणि स्पीकरचा प्रवाह तिला झेपत नाही. ती तापते, वितळते, आतल्या आत शॉर्ट होते. लॅमिंग्टन रोडवर दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची दोन पदरी केबल आणि दोन चांगले जॅक घ्या आणि स्वतः डाग द्या. तिच्यावर लाल टेप गुंडाळा, म्हणजे अंधारात ती वेगळी ओळखता येईल. गिटारची केबल बनवताना जाळीचा पदर जॅकच्या बाहेरच्या भागाला आणि आतली तार टोकाला जाते. डाग चकचकीत दिसला पाहिजे. राखाडी आणि दाणेदार दिसला तर तो थंड डाग आहे, स्टेजवर हलला की आवाज जाईल.

विजेचा धक्का हा विषय थट्टेवारी नेऊ नका. गिटार हातात असताना ओठ माइकला लागले आणि चटका बसला तर अँप आणि साउंडचा प्लग यांचं अर्थिंग वेगवेगळं आहे किंवा एकाचं नाहीच. साउंडचेकला गिटारच्या तारेवर आणि माइकच्या जाळीवर टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, आधी अर्थिंग सोडवायचं. बोर्डात बसावी म्हणून जाड अर्थची पिन काढून टाकणारे लोक आहेत. असा प्लग दिसला तर तो अँप वापरू नका. सगळे गिटार अँप आणि पेडल एकाच बोर्डावरून घेतले तर गुणगुणही कमी होते.

पावसाळ्यात मुंबईची हवा गिटारचं लाकूड फुगवते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. व्हिजिटिंग कार्डाएवढी, पाव मिलिमीटरच्या आसपास, असावी. फट गायब असेल तर ट्रस रॉड (गिटारच्या मानेतला धातूचा दांडा) पाव वळण सैल, जास्त असेल तर पाव वळण घट्ट, आणि मग दिवसभर थांबून पुन्हा बघा. ड्रॉप सीला ०१०चा (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) नेहमीचा सेट ढिला पडतो आणि पिक मारताच सूर वर जातो. साडेपंचवीस इंची स्केलला ०११ ते ०५६ चा सेट घ्या, नटची (मानेच्या टोकाची, तारा बसतात ती पट्टी) खाच जाड तारेसाठी कानसून घ्या आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) पुन्हा लावा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. जुने पॉट (आवाज कमी-जास्त करायचे खटके) खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो.

गिगच्या दिवशी वेळ लोकलच्या हिशेबाने धरा. डोंबिवलीहून खारला जायचं तर दादरला उतरून मध्यवरून पश्चिमेला जावं लागतं, हातात स्नेअर, झांजांची बॅग आणि डबल पेडल. संध्याकाळी सहाच्या गर्दीत हे जमत नाही, म्हणून दुपारच्या गाड्या पकडा किंवा लगेजच्या डब्यातून जा. ड्रमकिट जागेवरचा असला तरी स्नेअर, झांजा, पेडल आणि बसायचं स्टूल आपापलं न्यायचं असतं. आणि हाय-हॅटचा क्लच! तो मूठभर तुकडा विसरला तर वरची झांज दांड्यावर बसतच नाही आणि सगळा सेट अडतो. झांजांच्या बॅगेत एक जास्तीचा क्लच आणि फेल्टचे वॉशर कायमचे ठेवा. आधीचा बँड वाजवत असताना तुमच्या ड्रमरने बाजूला गालिच्यावर स्वतःचं पेडल आणि झांजा उभ्या करून ठेवाव्यात. पंधरा मिनिटांचा बदल सात मिनिटांत होतो आणि आयोजक तुम्हाला पुन्हा बोलावतो. जागेला आठवडाभर आधी एक पान पाठवा: कोण कुठे उभा, किती माइक, किती अँप, कुठे प्लग.

जागा निवडताना कायदा माहीत असू द्या. इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव १९८६ साली सुरू झाला आणि धोबी तलावच्या रंगभवनात त्याने मुंबईला रॉक ऐकायला शिकवलं. शेजारी कॉलेज, रुग्णालय, न्यायालय असल्याने ती जागा शांतता क्षेत्रात आली आणि तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंतचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकतं, पण ती सणासुदीला जाते. बंदिस्त हॉलला रात्रीची ही बंदी तशी लागू नसली तरी आवाज भिंतीबाहेर गेला की शेजाऱ्यांची तक्रार येणारच. म्हणून गिग संध्याकाळी पाचला सुरू करा आणि नऊला संपवा. त्याचे आणखी दोन फायदे आहेत. सगळ्यांना लोकल मिळते, आणि कॉलेजची मुलं येऊ शकतात. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे, त्यामुळे पबमधल्या गिगला तुमचा सगळ्यात कट्टर श्रोता दारातच अडकतो. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये रविवारी दुपारी हार्डकोरचे कार्यक्रम व्हायचे, तिथे अशीच शाळा-कॉलेजची पोरं यायची. वर्षातून दोन तरी गिग जॅमरूममध्ये किंवा छोट्या हॉलमध्ये दारूशिवाय ठेवा. पुढच्या बँडचे ड्रमर त्या गर्दीतूनच येतात.

पिट आपली जबाबदारी आहे. केबल काळ्या टेपने जमिनीला चिकटवा, मॉनिटर कडेपासून हातभर मागे. कोणी पडलं आणि उचललं गेलं नाही तर गायकाने हात वर करून बँड थांबवायचा. ही खूण जॅममध्ये आधी ठरवून घ्या, म्हणजे ड्रमर खरंच थांबेल.

पैशांवर येतो, कारण मैत्री इथे तुटते. डिस्कॉर्ड या वॉशिंग्टनच्या रेकॉर्ड कंपनीची सुरुवात आठवा. टीन आयडल्स या बँडने गिगची कमाई वाटून न घेता साठवली, बँड मोडला आणि त्याच पैशांतून त्या कंपनीचं पहिलं रेकॉर्ड निघालं. तुम्हीही पहिली तीन वर्षं गिगचा एक रुपयाही वाटू नका. सगळा बँडच्या फंडात जाऊ द्या आणि त्यातून रेकॉर्डिंग, प्रवास आणि शर्ट करा. हिशेबाची एक शीट पाचही जणांना दिसेल अशी ठेवा आणि महिन्याच्या पहिल्या जॅमला पाच मिनिटं वाचा. मानधन एकाच्या खात्यात येत असेल तर ते त्याच्या पॅनवर त्याचं उत्पन्न दिसतं. कापलेला १० टक्के टीडीएस त्याच्या नावावर जमा होतो आणि कराचा बोजाही त्याच्यावर पडतो. वर्षाला सात-आठ मानधनाच्या गिग व्हायला लागल्या की भागीदारी करार करा, फर्मचा पॅन काढा, चालू खातं उघडा. करारात लिहा: बँडच्या नावावर हक्क कोणाचा, बाहेर पडणाऱ्याला काय मिळणार, आणि फंडातून घेतलेलं सामान कोणतं.

शर्ट हाच गिगपेक्षा भरवशाचा मिळकतीचा मार्ग आहे. १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम) कॉटन घ्या, त्याहून पातळ नको. समजा छापून शर्ट २५० रुपयांना पडला, तर ५० शर्टांचे साडेबारा हजार. ६०० ला विकलात तर एकविसाव्या शर्टाला पैसे वसूल, उरलेले एकोणतीस फंडात. पहिल्या खेपेला पाच स्मॉल, पंधरा मीडियम, अठरा लार्ज, बारा एक्स्ट्रा लार्ज असं वाटा. प्लास्टिसोल शाई १६० अंशांच्या आसपास नीट भाजली गेली पाहिजे. घाईत छापणारा ती अर्धवट भाजतो, मग पहिल्याच धुण्यात छपाईला भेगा पडतात. माल घेण्याआधी एक शर्ट घ्या, छपाई दोन्ही हातांनी ताणा. तडा गेला तर खेप परत करा.

रेकॉर्डिंगला फार घाई नको. सेट दहा वेळा लोकांपुढे वाजल्यावरच स्टुडिओत जा, कारण गाण्याचा फालतू भाग लोकांसमोर कळतो. तिथे २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्या आणि गिटारचा साधा डीआय (अँपशिवाय थेट घेतलेला) ट्रॅकही सोबत साठवा, म्हणजे आवाज आवडला नाही तर पुन्हा अँपमधून काढता येतो. दोन गिटार डावीकडे-उजवीकडे वेगवेगळ्या वाजवून घ्या, एकाची नक्कल करून नाही. गिटारचं मधलं स्वरक्षेत्र कापू नका. जॅमरूममध्ये एकटं वाजवताना तो पोकळ आवाज भारी वाटतो, बँडमध्ये तीच गिटार झांजा आणि बेसच्या मध्ये गायब होते. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापलं तर बेस आणि किकला जागा मिळते.

हक्कांचं लिहून ठेवा, गाणं बसलं त्याच दिवशी. कायद्यात शब्द एक, चाल दुसरी आणि रेकॉर्डिंग तिसरी गोष्ट आहे, आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. रेकॉर्डिंगची मालकी ते करून घेण्याची जबाबदारी उचलणाऱ्याची असते, त्यामुळे एखाद्या लेबलने स्टुडिओचे पैसे भरले तर मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) त्यांचा ठरू शकतो. सही करण्याआधी तो मुद्दा वाचा. गीतकार आणि संगीतकाराने आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्यावं. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळतो. गाणी ऑनलाइन चढवणारा वितरक बदललात तर तोच क्रमांक पुढे द्या, नवा घेतला तर गाणं नवं समजलं जातं आणि जुने आकडे मागे राहतात. स्पॉटिफाय बारा महिन्यांत एका गाण्याला १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्याचे पैसे देत नाही, म्हणून सुरुवातीला सहा गाण्यांचा एकच ईपी काढा, सुटी वीस गाणी पसरू नका.

बाहेरगावची पहिली गिग पुण्याची करा. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टी वाचते. बंगळूरला जायचं तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच तिकिटं काढा. स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान मोफत चालतं, म्हणजे पाच जणांत २०० किलो. गिटार, झांजा, पेडल आणि शर्टांचं पोतं त्यात आरामात बसतं. अँप न्यायचे नाहीत, बॅकलाइन (स्टेजवरचे अँप आणि ड्रम) तिथल्या बँडकडून ठरवा आणि ते मुंबईत आले की तुमचा द्या. विमानात गिटार न्यायची वेळ आली तर कडक केस, तारा दोन सूर सैल, आणि लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत.

चौथ्या-पाचव्या वर्षी कोणाचं लग्न होईल, कोणी बाहेर जाईल. मुंबईत चांगला ड्रमर तीन-तीन बँडमध्ये वाजवत असतो, तेव्हा एक राखीव ड्रमर आधीच हेरून ठेवा आणि त्याला सेटच्या क्लिकसहित ड्रमशिवायच्या फाइल देऊन ठेवा. दोन जॅममध्ये तो उभा राहू शकतो. काही महिने वाजवणं जमणारच नसेल तर फुगाझीने २००३ मध्ये केलं तसं करा, बँड मोडला असं जाहीर न करता थांबा. थांबण्याआधी सगळ्या मल्टीट्रॅक फाइल (प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक असलेल्या) दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर दोघांच्या घरी ठेवा, सोशल मीडियाचे पासवर्ड कागदावर लिहून फंडाच्या पासबुकात ठेवा, आणि अँप पावसाळ्यात महिन्यातून एकदा, स्पीकर जोडूनच, अर्धा तास चालू करा.